पोर्टफोलिओच्या एकतिसाव्या पानावरची ढेळज

लातूरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) होऊन दोन वर्षं झाली, ६८ टक्के आहेत, दहावीपर्यंत मराठी माध्यम. लातुरातच एका ऑफिसात सँक्शन ड्रॉइंग (बांधकामाच्या मंजुरीचे नकाशे) आणि एलिव्हेशनची (इमारतीच्या दर्शनी बाजूची) कामं करते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘मास्टर ऑफ सायन्स इन आर्किटेक्चर स्टडीज’सारख्या कोर्सला अर्ज करायचाय. एक कन्सल्टंट दीड लाखात अर्ज, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन), पोर्टफोलिओ (निवडक कामांचा संच) सगळं करून देतो म्हणतो. तो घ्यावा का? पोर्टफोलिओ सोबत जोडलाय, त्यात कमी काय पडतंय? की सरळ गेट ही प्रवेश परीक्षा देऊन इथंच एम.आर्क. (पदव्युत्तर पदवी) करावं?

मी सतरा वर्षं मराठवाड्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची आणि संवर्धनाची कामं करतो. माझं पदव्युत्तर शिक्षण बाहेरच्या देशात झालं. दर हिवाळ्यात चार-सहा मुलामुलींचे अर्ज वाचून देतो. तेव्हा जे सांगतोय ते ऐकीव नाही, पण सगळं तुम्हाला लागू पडेल असंही नाही. घरची परिस्थिती, पैसा, किती वर्षं बाहेर राहता येईल, हे तुमचं तुम्हालाच माहीत.

पोर्टफोलिओ दोनदा पाहिला. विचारलंय ‘कमी काय पडतंय’, पण खरी अडचण निराळी आहे. तुम्ही ज्या कोर्सला अर्ज करताय तो इमारती डिझाइन करायला शिकवणारा कोर्स नाही, आणि तुमचा पोर्टफोलिओ मात्र ‘मला डिझाइन येतं’ एवढंच सांगतोय. आधी हे नीट समजून घ्या, कारण इथंच निम्मे अर्ज बाद होतात.

आपल्याकडे वास्तुविशारद म्हणून काम करायचा परवाना बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीवर मिळतो. १९७२चा कायदाच तसा आहे. तो तुमच्याकडे आहे. अमेरिकेत ‘एम.आर्क.’ ही बऱ्याच ठिकाणी तोच परवाना मिळवण्याच्या वाटेवरची पदवी असते, म्हणून इतर विषयांतले पदवीधरही तीन-साडेतीन वर्षांच्या एम.आर्क.ला जातात. ‘आर्किटेक्चर स्टडीज’ म्हणजे अभ्यास, संशोधन. दोन वर्षं एक प्रश्न घेऊन बसायचं आणि शेवटी प्रबंध लिहायचा. एमआयटीत त्याच्या शाखाच तशा आहेत: इतिहास-सिद्धांत-समीक्षा, बिल्डिंग टेक्नॉलॉजी, कॉम्प्युटेशन, शहररचना, डिझाइन, आणि इस्लामी वास्तुकलेसाठी आगाखान प्रोग्रॅम. अर्ज करतानाच शाखा निवडावी लागते आणि त्या शाखेचे प्राध्यापकच तुमचा अर्ज वाचतात. ही पदवी घेऊन परत आलात तर लातुरात तुमची प्रॅक्टिस वाढेलच असं नाही. शिकवणं, संशोधन, संवर्धन, पुढं पीएचडी, या वाटा मात्र उघडतील. तुम्हाला मोठ्या ऑफिसात मोठ्या इमारती करायच्या असतील तर हा कोर्स तुमचा नाही. तसं असेल तर आत्ताच थांबा, दोन वर्षं आणि पैसा दोन्ही वाचेल.

आता एकतिसावं पान.

चव्वेचाळीस पानांत विमानतळ आहे, म्युझियम आहे, कन्व्हेन्शन सेंटर आहे. रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली इमारतींची चित्रं) चांगले आहेत, पण तसेच रेंडर अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलावर शेकड्यांनी येतात. एकतिसाव्या पानावर मात्र औसा तालुक्यातल्या तुमच्या आजोबांच्या वाड्याची ढेळज, म्हणजे दारातून आत येताच लागणारी बसायची जागा आहे, पेन्सिलीनं काढलेली, टेपनं मोजलेली. डाव्या हाताला बसायचा ओटा, त्याच्या मागं भिंतीतलं बळद (धान्याचं कोठार), वर तुळई आणि कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), त्यावर माळवद (मातीचं सपाट धाबं). एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय: ‘ही भिंत ९३ नंतर परत बांधली.’ कागदाला घडी पडलेली दिसते, म्हणजे तो वहीतून स्कॅन केलाय. त्याच्या पुढच्याच पानावर पुन्हा विमानतळ.

हे पान तुम्ही भर म्हणून घातलंय. माझ्या मते तुमचा अख्खा अर्ज याच पानात आहे.

कसा ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून थकून आलेली माणसं गाढ झोपेत होती. मेलेल्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानानं प्रचंड नव्हती, सहाच्या थोडी वर. माणसं मारली ती घरांनी. आपल्याकडची दगडमातीची भिंत दोन तोंडांची असते: आतल्या बाजूला एक थर, बाहेरच्या बाजूला एक, मधे बारीक दगड-माती भरलेली. दोन्ही तोंडं बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो बहुतेक घरांत नव्हताच. वरून माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी मातीचा थर चढवायचा, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या वजन वाढत गेलेलं. हादरा बसला आणि भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटून फुगली, कोसळली. कितीतरी घरांत लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी बसवली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट. तुमचं आजोळ त्यांत नाही, तिथं दुरुस्ती झाली. म्हणजे तुमच्या ढेळजेत भूकंपाआधीची भिंत आणि भूकंपानंतरची भिंत शेजारी-शेजारी उभी आहे. त्या टेबलापलीकडच्या प्राध्यापकानं असं पान पाहिलेलं असायची शक्यता फार कमी. आणि ते मोजायला तुम्हीच हव्यात, कारण त्या घरात तुम्हाला कुणी अडवत नाही.

पण वस्तू हाताशी आहे एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही, प्रश्न लागतो. एकाच भिंतीतून तीन-चार वेगळे प्रश्न निघतात आणि प्रत्येकाची शाखा वेगळी. दुरुस्तीनंतरची भिंत उन्हाळ्यात आत तेवढीच थंड राहते का, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्यामुळं तिचा ओलावा अडकतो का, हा बिल्डिंग टेक्नॉलॉजीचा प्रश्न झाला. त्यासाठी तापमानाच्या नोंदी लागतील, मे महिन्यात आठ दिवस तरी. पुनर्वसित गावातल्या एकसारख्या घरांना लोकांनी तीस वर्षांत पुढं पत्र्याचं काय जोडलं, ढेळजेचं काम आता कुठं चालतं, धान्य कुठं ठेवतात, हा वस्तीरचनेचा, म्हणजे शहररचना शाखेचा प्रश्न. इंजिनिअर, गवंडी, सरकार आणि गावकरी यांच्यात ‘मजबूत घर’ या शब्दाचा अर्थ त्या पाच-सात वर्षांत कसा बदलला, मातीचं घर लाजेचं कधी झालं, हा इतिहासाचा प्रश्न. तिन्ही चांगले आहेत. तिन्ही एका अर्जात घातलेत तर अर्ज गेला.

मला विचाराल तर तुमचा प्रश्न तिसरा किंवा दुसरा आहे, पहिला नाही. कारण तुमच्या पत्रात तुम्ही ‘लोक म्हणतात दगडाच्या घराची भीती वाटते, पण दुपारी झोपायला तिथंच जातात’ असं सहज लिहून गेलात. हे वाक्य सोडू नका. भीती वाटते त्याच घरात दुपारी माणूस का झोपतो, यावर दोन वर्षं काम करता येईल.

‘मराठवाड्याची लोकवास्तुकला’ हा मात्र प्रश्न नाही. तो एका ग्रंथमालेचा विषय आहे. प्रश्न छोटा करत न्या, एक तालुका, दोन गावं, एक घराचा भाग एवढा. मी शिकवलेल्या एका मुलानं ‘औरंगाबादची जलव्यवस्था’ असा विषय धरला होता. मलिक अंबरच्या नहरीपासून पाणचक्कीपर्यंत सगळं त्यात होतं. तीन ठिकाणाहून नकार आले. पुढच्या वर्षी त्यानं नहरीच्या वाटेवरचा एकच पाण्याचा मनोरा घेतला आणि त्याच्या डागडुजीत कोणकोणत्या काळाचा चुना आणि सिमेंट आहे एवढंच मांडलं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. मुलगा तोच होता, मार्कही तेच.

एसओपीबद्दल. ‘लहानपणापासून मला इमारतींची ओढ होती’ असं पहिलं वाक्य मीही लिहिलं होतं आणि पहिल्या वर्षी मला सगळीकडून नकार आला. तेव्हा फार लागलं. आज दुसऱ्यांचे अर्ज वाचताना कळतं की त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, पण वाचणाऱ्याच्या हाताला लागेल असंही काही नव्हतं. तुमचं पहिलं वाक्य असं असू शकतं: ‘माझ्या आजोळच्या घरात एकाच ढेळजेला दोन भिंती आहेत. एक १९९३च्या आधीची, एक नंतरची. नंतरचीत आरपार जाणारे दगड आहेत, आधीचीत मला एकही सापडला नाही.’ हे वाचल्यावर पुढचं वाक्य वाचावंच लागतं. त्यानंतर प्रश्न, मग आजवर तुम्ही त्यावर काय केलं, मग याच विभागात का. शेवटच्या भागात प्राध्यापकांची नावं नुसती टाकू नका. ज्यांचं नाव लिहाल त्यांचा किमान एक लेख पूर्ण वाचलेला असावा आणि तुमचं त्यात कुठं पटतं, कुठं नाही, हे दोन ओळींत यावं.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. मराठवाड्याचं मागासलेपण विकू नका. दुष्काळ, आत्महत्या, टँकर यांनी सुरुवात केलेले अर्ज मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी वाईट वाटतं. हे सगळं खरं आहे, पण दयेवर प्रवेश मिळत नाही, आणि मिळालाच तर तो आपल्या माणसांच्या दुःखावर मिळालेला असतो. तेर इथं विटांचं चैत्यगृह आजही त्रिविक्रमाचं मंदिर म्हणून उभं आहे, नळदुर्गात धरणाच्या भिंतीतच महाल बांधलाय, वेरूळला वरून खाली डोंगर कोरत आणला. बांधायचं कसं याचा विचार या मातीत दोन हजार वर्षं चाललाय. तुम्ही तिथून येताय, तर त्याच ताठ्यानं लिहा.

पोर्टफोलिओ चव्वेचाळीस पानांवरून वीसच्या आसपास आणा. विमानतळ काढा, कन्व्हेन्शन सेंटर काढा. म्युझियमचं एकच ड्रॉइंग ठेवा, तो तुमच्या हातचा चांगला सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आहे. ढेळज पहिल्या पानावर आणा आणि तिला सहा-सात पानं द्या: मोजणीची कच्ची पानं, पक्का सेक्शन, दोन्ही भिंतींचे जवळून फोटो, गवंड्याशी झालेलं बोलणं. घडी पडलेला तो कागद तसाच ठेवा, साफ करून घेऊ नका. आणि ऑफिसातली सँक्शन ड्रॉइंग ‘साधी कामं’ म्हणून लपवलीत, ती चूक आहे. गावठाणातला जुना वाडा पाडून नवीन बांधताना २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीतलं कुठलं कलम लागतं, समासातली (इमारतीभोवती मोकळी ठेवायची) जागा सोडली की ढेळज का बसत नाही, हे तुम्ही रोज हातानं करता. असा एक वाडा घ्या, आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवा. मालकाचं नाव आणि सर्वे नंबर काढायला विसरू नका. संशोधन म्हणतात ते हेच. इतिहासाच्या शाखेला पोर्टफोलिओइतकंच किंवा जास्त वजन लेखनाच्या नमुन्याला असतं, तेव्हा याच विषयावर आठ-दहा पानांचा एक निबंध आत्तापासून लिहायला घ्या.

इंग्रजीची भीती मला माहीत आहे, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतला. निबंध आणि एसओपी आधी मराठीत लिहा. मराठीत तुम्हाला ‘दर्जा’, ‘तोंड’, ‘भर’, ‘खण’ हे शब्द आपसूक सुचतील, विचार स्वच्छ राहील. मग इंग्रजी करा आणि ढेळज, बळद, माळवद हे शब्द तसेच ठेवून एकदा अर्थ द्या. आयईएलटीएस किंवा टोफेलचा निकाल दोन वर्षं चालतो, घाईनं देऊ नका, पण शेवटच्या महिन्यावरही ढकलू नका.

कन्सल्टंट घेऊ नका. दीड लाख ही एक बाब झाली. दुसरी अशी की माझ्याकडे एकाच वर्षी दोन वेगळ्या गावांतून आलेल्या दोन अर्जांत तिसरा परिच्छेद शब्दशः सारखा होता. दोघांनीही एकाच माणसाला पैसे दिले होते, दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. त्या लेकरांचं वर्ष गेलं. अशी नक्कल पकडली गेली तर विद्यापीठ प्रवेश मिळाल्यानंतरही काढून टाकू शकतं.

शिफारसपत्रं. अमेरिकेत बहुधा तीन लागतात, इंग्लंडमध्ये दोन. आपल्याकडे सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, वेळ नसतो. पण तुमचीच भाषा तीन पत्रांत आली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी सरांना एक पान द्या: मी तुमच्याकडे कुठल्या वर्षी काय केलं, कुठं अडले, तुम्ही काय म्हणालात, आता पुढं काय करतेय. त्यावरून ते स्वतः लिहितील. पत्र कॉलेजच्या प्राचार्यांचं असावं असं काही नाही. ज्यांनी तुम्हाला ढेळज मोजताना पाहिलं त्या मोजणीच्या विषयाच्या मॅडमचं पत्र जास्त कामाचं.

आता गेट. ही दुसऱ्या दर्जाची वाट समजू नका. फेब्रुवारीत परीक्षा असते, ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’चा पेपर, तीन तास, शंभर मार्क, गुण तीन वर्षं चालतात. त्यावर दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि आयआयटी रूरकीसारख्या ठिकाणी जाता येतं. दिल्ली आणि भोपाळला संवर्धनाचं एम.आर्क. आहे आणि तुमच्या भिंतीसाठी ते अगदी योग्य आहे. गेट पात्र विद्यार्थ्याला तिथं महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे घरावरचा बोजा कमी होतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची प्रवेशाची पद्धत वेगळी आहे, ती स्वतंत्र पाहा. माझा स्पष्ट सल्ला: यंदा गेट द्याच, आणि बाहेरचे तीन-चार अर्जही करा. दोन्हीचा अभ्यास वेगळा असला तरी विषय तोच राहील.

पैशाबद्दल सरळ बोलतो. एमआयटीसारख्या ठिकाणी दोन वर्षांची फी आणि राहणं मिळून आकडा एक कोटीच्या पुढं जातो. या पदवीनंतर मिळणारं काम ते कर्ज झपाट्यानं फेडेल असं नसतं. म्हणून शेत गहाण टाकून या कोर्सला जाऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, किंवा कमी खर्चाचा देश बघा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला स्मारक-संवर्धनाचा जुना, नावाजलेला कोर्स आहे. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्हाला अजून एक वर्ष थांबावं लागेल. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षं पुरतात. इंग्लंडमध्ये संवर्धनासाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आहे. टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून आहे, पण ती कर्जरूपानं असते, हे लक्षात ठेवा. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नक्की बघा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास असे विषय वगळले होते. तुमचा विषय नेमका तिथंच येतो, तेव्हा तुम्ही अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात ओळन् ओळ वाचूनच फॉर्म भरा. त्यावेळी माझ्या ओळखीच्या एका मुलीची सगळी तयारी झाली होती, आणि तिला हे कळलं ते अर्ज भरायच्या आठवड्यात.

वेळेचं गणित असं. अमेरिकेच्या तारखा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतात. म्हणजे शिफारसपत्रांसाठी सरांना ऑक्टोबरात सांगायचं, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढायला ऑगस्टमध्येच अर्ज टाकायचा, त्याला लागतो तितका वेळ लागतोच. गेटचा फॉर्मही त्याच सुमारास सुटतो. निबंध दिवाळीआधी पूर्ण हवा.

आणि मोजणी त्याही आधी. आजोळी जा, ढेळजेची भिंत तीन उंचींवर मोजा: जोत्याशी, बळदाच्या तोंडाशी आणि तुळईखाली. जुनी आणि नवी दोन्ही. सेक्शन १:२०ला काढा, म्हणजे एकेक दगड दाखवता येईल. आजोबांना विचारा, दुरुस्तीला गवंडी कुठला आला होता, आरपारचे दगड बसवायला त्याला कुणी शिकवलं, आणि त्यांनी स्वतः त्या भिंतीजवळ पहिल्यांदा कधी खाट टाकली. रेकॉर्ड करा, त्यांच्याच शब्दांत. हे सगळं जूनच्या पहिल्या पावसाआधी उरका. तुमच्याकडे अजून माळवदावर माती टाकत असतील तर ती माणसं वर चढतील त्याच दिवशी जा, कारण कड उकरून नवा थर बसवतात तेव्हाच आतले जुने थर दिसतात, आणि मग वर्षभर ते झाकलेले राहतात.